कुरडू कुणी पेरत नाही

राजमणीचा फोन रविवारी संध्याकाळी यायचा. त्या दिवशी मंगळवार होता, सकाळची वेळ, आणि मोबाइलवर नाव श्रीनूचं, म्हणजे तिच्या मुलाचं होतं. पितृपक्ष चालू होता. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं म्हणून मी चादरी भिजवल्या होत्या आणि एक पिळून भिंतीवर टाकत होते. माझी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. ट्रंक कॉलच्या काळात अवेळी वाजलेली घंटा कसली आहे हे बोलणं सुरू व्हायच्या आधीच कानाला कळायचं. तो कान अजून गेलेला नाही. श्रीनू "मावशी..." एवढंच म्हणाला आणि थांबला. मी विचारलं, कधी? तो म्हणाला, पहाटे, झोपेतच. मग तो रडायला लागला आणि मी ओल्या चादरीचं टोक हातात धरून उभी राहिले. चादर ज्या भिंतीवर टाकत होते ती आमच्या दोघींच्या घरांमधली भिंत. छातीएवढी उंच, वरचा गिलावा दोन ठिकाणी गुळगुळीत झालेला. एका ठिकाणी माझे कोपर टेकायचे, एका ठिकाणी तिचे.

मी आणि हे सोलापूरहून बसनं पुण्याला गेलो. श्रीनूच्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती चटईवर निजली होती, चेहरा शांत वगैरे म्हणतात तसा काही नव्हता, कुणीतरी काही विचारलंय आणि उत्तर द्यायचं की नाही हे ठरवतेय असा होता. गळ्यात झेंडूचा हार होता. विकतचा, दोऱ्यात कोंबून ओवलेला. जिनं उभ्या जन्मात झेंडूचं फूल विकत घेतलं नाही तिच्या गळ्यात तो हार बघून मला फार राग आला, कुणाचा ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही नीट कळलेलं नाही.

अक्कलकोट रोडकडच्या आमच्या कॉलनीत आम्ही दोघी एकाच वर्षी राहायला आलो. तिच्या नवऱ्याचे एमआयडीसीत टॉवेलचे माग होते, ती स्वतः मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. घरात तेलुगू, शाळेत मराठी, मोहोल्ल्यातल्या बायकांशी दखनी, आणि झाडांशी काय बोलायची ते झाडांनाच माहीत. आमची ओळख भांडणानं झाली असती, पण झाली भाजीनं. श्रावणाचे दिवस होते. तिच्या अंगणात भिंतीच्या कडेनं कुरडूची कोवळी रोपं दाट उगवली होती. आमच्या सासूबाई मंगळवेढ्याकडच्या. रानभाजी अशी फुकट वाया चाललेली त्यांना बघवेना. राजमणी शाळेत गेलेली बघून त्यांनी भिंतीवरून वाकून, मग सरळ फाटक उघडून आत जाऊन, सगळी रोपं खुडली. लसूण-मिरची घालून झकास परतली आणि वर शेजारधर्म म्हणून वाटीभर भाजी तिलाच नेऊन दिली.

संध्याकाळी ती वाटी परत द्यायला आली. वाटीत शेंगाचटणी होती. रिकामी वाटी परत करायची नाही एवढं तिलाही कळत होतं. भाजी लई चांगली झाली होती म्हणाली. मग हळूच विचारलं, "आमच्या भिंतीजवळचं गुनुगु कुटं गेलं, तुमाला काय ठाऊक हाय का?" सासूबाईंनी अभिमानानं वाटीकडे बोट दाखवलं. राजमणीनं त्या वाटीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि खाली बसून पोट धरून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. तेव्हा आम्हाला कळलं की ज्याला आम्ही कुरडू म्हणून तव्यावर टाकतो ते त्यांचं देवाचं फूल. नवरात्रात त्यांच्या बायका पितळी तबकात फुलांचे थरावर थर रचून उतरता डोंगर करतात, त्याला बतुकम्मा म्हणतात. त्यात खाली कुरडूचे पांढरे-गुलाबी तुरे, त्यावर तरवडाची पिवळी फुलं, मग झेंडू, शेवंती, आणि सगळ्यात वर हळदीची गौरम्मा. तिच्याभोवती टाळ्या वाजवत गाणी म्हणायची आणि शेवटच्या दिवशी तळ्यात सोडायची. आमच्या सासूबाईंनी त्या वर्षीचा डोंगर पायथ्यापासूनच खाल्ला होता. बिचारीला कुरडूसाठी माळावर जावं लागलं. सासूबाई तिच्यासोबत गेल्या, ओच्यातून तुरे भरून आणले, आणि मरेपर्यंत दरवर्षी श्रावणात विचारत राहिल्या, "राजे, यंदा खुडू का गं?"

तेव्हापासून आमचं आश्विन-कार्तिक त्या भिंतीवर गेलं. सोलापूरचा ऑक्टोबर म्हणजे दुपारी तवा आणि पहाटे ओलसर पायरी. लोक त्याला नुसतं ऊन म्हणतात. राजमणीकडे त्या उन्हाचेसुद्धा प्रकार होते. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारा कवडसा सरकत सरकत तांदळाच्या डब्याला टेकला की ती म्हणायची, थंडी निघाली तिकडून. कोळ्यानं जाळं तारेला बांधलं की कुंपणाला, तरवडावर पिवळ्या पाखरांच्या अळ्या आल्या की नाही, काळ्या मुंग्यांनी रांग न्हाणीकडून वळवली का, साळुंक्या अंगणात दोन होत्या त्या चार कशा झाल्या, हे सगळं ती मला भिंतीवरून सांगायची आणि मी दळण निवडता निवडता ऐकायचे. पुष्कळदा कंटाळायचेही. म्हणायचे, राजमणी, तुला दुसरं काही काम नाही का गं? ती म्हणायची, हे काम न्हाई तर काय हाय? तिच्या शेवंत्या रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावलेल्या असायच्या. फुलं नसताना सगळी रोपं सारखीच दिसतात, म्हणून प्रत्येक डब्याच्या कडीला टॉवेलच्या काठाची रंगीत चिंधी बांधलेली. पिवळीला पिवळी, पांढरीला पांढरी, लालसर जातीला वीटकरी. लहानपणी त्या चिंध्या बांधायचं काम श्रीनूचं. त्याच्या गाठी फार घट्ट बसायच्या, ती त्या कधी सोडायची नाही. आणि अंगणाच्या मधोमध सीताफळ. नवरात्र आलं की रोज सकाळी ती फळांखाली उभी राहून मान वर करून बघायची, डोळे उघडले का. फळाच्या खवल्यांमधल्या रेघा पांढऱ्या झाल्या, डोळे उघडले, की उतरवायचं. त्याच्या आधी हात लावायचा नाही, आमच्या ह्यांनी कितीही लाळ घोटली तरी.

नवरा अचानक गेला तेव्हा श्रीनू कॉलेजात होता. माग विकले. पुढच्या नवरात्रात तिनं तबक घासायला घेतलं तर गल्लीतल्या दोन-चार बायकांची कुजबुज झाली, आता हिनं गौरम्मा कशी ठेवायची. सगळे थर तिनं स्वतः रचले आणि मग भिंतीवरून मला हाक मारली, "मंगल, हात धुऊन ये." माझ्या हातावर हळदीचा तो ओला गोळा ठेवला आणि वर बसवायला सांगितलं. मला ना त्यांची भाषा येत होती ना गाणं. मी बसवला. त्यानंतर दरवर्षी मीच बसवत आले. बायकांनी मग बोलणं सोडून दिलं, राजमणी मात्र ते कधी विसरली नाही, दरवर्षी हाक मारताना तिचा आवाज जरासा कडक व्हायचा.

गेल्या वर्षी दिवाळी संपल्यावर ती अंगणात पडली. शेवंतीला पाणी घालताना पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. आम्ही दोघं बाजारात गेलो होतो. परत आलो तर भिंतीपलीकडून, "मंगल, जरा येतीस का," असा आवाज, जसा काही वाटीभर साखर मागायला यावा. किती वेळ पडून होती ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. उलट म्हणाली, खालून बघितलं तर सीताफळावर एक घरटं हाय, उभं राहून कधी दिसलंच नव्हतं. ऑपरेशन झालं. श्रीनू तिला पुण्याला घेऊन गेला. जाताना तिनं ते तबक माझ्या हातात दिलं, संक्रांतीला येते म्हणाली, तोवर ठेव, चिंच लावून घासून ठेव. संक्रांत गेली, होळी गेली. पाय धरेना. मग रविवारचे फोन सुरू झाले. तिला मोबाइल कानाला लावून बसवत नसे, म्हणून श्रीनू स्पीकर लावून तिच्या उशाशी ठेवायचा आणि स्वतः तिथंच बसायचा. आठवड्याभराचा हिशेब मी द्यायचा. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे होती, पाणी मी घालत होते. पूर्वी ती सांगायची आणि मी कंटाळायचे. आता मी सांगायचे आणि ती विचारत राहायची. मुंग्या, जाळं, कवडसा... मी आठवडाभर मुद्दाम बघून ठेवायला लागले. माझ्या डोळ्यांना ती सवय तिनं साठीनंतर लावली.

उन्हाळ्यात श्रीनूचा एकट्याचा फोन आला. घर विकायचं ठरलं होतं. घर त्याच्या वडिलांनी आधीच त्याच्या नावावर केलेलं होतं, म्हणून तिच्या सहीचा प्रश्न नव्हता. बंद घर किती दिवस ठेवणार, आईला आता एकटं राहता येणार नाही, हे त्याचं खरंच होतं, त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. घेणाऱ्याला अंगण मोकळं हवं होतं. झाड काढून सगळीकडे फरशी घालायची होती, गाड्या लावायला. श्रीनू म्हणाला, मावशी, आईला यातलं काही कळू देऊ नका. डॉक्टरांनी मनाला धक्का नको म्हणून सांगितलंय. तुम्ही रविवारी बोलता तसंच बोलत राहा, तेवढ्यावर ती आठवडा काढते.

मी बरं म्हणाले. फोन ठेवला. जेवण गेलं नाही. हे म्हणाले, मुलाचंही चूक नाही, तू मधे पडू नकोस. मधे पडायचा प्रश्नच नव्हता, मी मधेच होते. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे फोन जोडून दिले. जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं, हे आमचं शिक्षण. पण जी बाई दर रविवारी मला विचारते की माझ्या डब्यांतली माती पाणी धरते का, तिला मी त्या डब्यांचं काय सांगणार होते? श्रीनू ऑफिसात असायच्या वेळी, संध्याकाळ व्हायच्या आत, मी तिच्या उशाशी असलेल्या फोनवर फोन केला. सांभाळणाऱ्या बाईनं तो तिच्या कानाला लावून दिला. मी सगळं सांगितलं.

मग तिनं विचारलं, "झाड कवा तोडणार हाईत?"

मी म्हणाले, पावसाच्या आधी. मी तिला म्हणाले, राजमणी, तू बोल त्याच्याशी, तुझा मुलगा आहे, तुझ्या शब्दाबाहेर नाही तो. तेव्हा तिनं जे उत्तर दिलं ते माझ्या कानात अजून तसंच आहे.

"काय बोलू गं मी? घर परत माग म्हणू? आन् तितं ऱ्हाऊ कशी, पाय चालंना. त्यानं लई जपून लपवलंय माज्यापासनं. त्याला वाटू दे की आईला काय कळलं न्हाई, आईला काय लागलं न्हाई. तेवढंच ऱ्हायलंय माज्या हातात द्यायला."

मग आवाज बदलून, शाळेत मुलींना बेतायला सांगत असावी तसं तिनं कामाचं सांगितलं. शेवंतीचे डबे उचल, तुझ्या पूर्वेच्या बाजूला ठेव, दुपारचं ऊन लागू देऊ नको. मागच्या पडवीत खुंटीला कुरडूच्या वाळक्या तुऱ्यांची जुडी टांगलेली हाय, ती काढ. मृग लागला की भिंतीला धरून बी टाक, खोल पुरू नको, नुसतं फेक. मी विचारलं, आणि सीताफळाचं काय करू? ती म्हणाली, येडी हाईस काय, झाड काय उचलून नेता येतंय... राहू दे ते. आणि श्रीनूला तुझ्या तोंडून काही कळता कामा नये एवढं वचन माझ्याकडून घेऊन तिनं फोन ठेवला.

आम्ही दोघांनी दोन सकाळी ते डबे भिंतीवरून अलीकडे आणले. ह्यांची कंबर धरली, तोंड चालूच होतं, पण एकही डबा फुटू दिला नाही. यंत्र आलं त्या दिवशी मी पुढच्या खोलीत दार लावून बसले. तरी आवाज आलाच. सीताफळाचं झाड काही मोठं नसतं, अर्ध्या तासाचं काम... त्यात ते घरटं होतं की नाही मी पाहिलं नाही.

त्यानंतरचा रविवार मला कधी विसरता येणार नाही. मी ठरवून बसले होते की शेवंतीचं बोलायचं, ती खरोखर आहे, माझ्याकडे आहे, म्हणजे खोटंही होणार नाही. फोन लागला. श्रीनूचा आवाज आला, आई, मावशी आहेत बघ. आणि राजमणीनं पहिलाच प्रश्न विचारला, "मंगल, सीताफळाला फुलं लागली का गं?"

तिला माहीत होतं झाड नाही. मला माहीत होतं तिला माहीत आहे. आणि मधे तो बसलेला, आईला काही कळू नये म्हणून श्वास रोखून. मी म्हणाले, लागली की, भरपूर लागलीत. ती म्हणाली, बरं. मग श्रीनू घाईघाईनं म्हणाला, बघ आई, सगळं छान आहे की नाही. त्याच्या आवाजात सुटका होती. तीच तिला हवी होती म्हणून तिनं त्या झाडाचा विषय काढला होता हे मला फोन ठेवल्यावर कळलं.

पुढे सगळा पावसाळा हे चाललं. कुरडू माझ्या अंगणात भिंतीच्या अलीकडून उगवलं, ते मी खरं सांगायचे. शेवंतीला कळी धरली, तेही खरं. पण दर रविवारी ती एकदा सीताफळावर यायचीच. फळं धरली का, केवढी झाली, माकडं तर येत नाहीत ना. मी उत्तरं देत गेले आणि प्रत्येक वेळी तिच्यावर चिडत गेले. दोघं एकमेकांना जपत होते आणि तारेवर मी होते. कितीदा वाटलं, सरळ ओरडून सांगावं, अरे तिला माहीत आहे, आणि अगं तो झुरतोय. नाही सांगितलं. वचन होतं हे एक कारण. दुसरं असं की त्या रविवारच्या अर्ध्या तासात ती दोघं जितकी जवळ बसलेली असायची तितकी एरवी कधी बसत असतील असं मला वाटत नव्हतं. हे बरोबर केलं की चूक, मला आजही सांगता येत नाही. शेवटच्या रविवारी तिचा आवाज खोल गेला होता. विचारलं, "डोळे उघडले का?" मी म्हणाले, अजून नाही, नवरात्रात उघडतील. ती म्हणाली, घाई करू नको उतरवायची.

दिवसकार्य आटोपून श्रीनू नवरात्रात सोलापूरला आला. विकलेल्या घराच्या मागच्या खोलीतली राहिलेली एक ट्रंक न्यायची होती. ती काढून तो आमच्याकडे आला. गेटमधून आत येताना त्याला काही दिसलं नाही, सरळ घरात येऊन बसला. दाढी वाढलेली, डोळे खोल. वर्षभर सण नाही, बतुकम्मा नाही, आणि तसंही पुण्यात आता कोण मांडणार, म्हणून तबक मीच ठेवून घ्यावं असं म्हणाला. मग माझे हात धरले. म्हणाला, मावशी, एवढं एकच बरं झालं की तिला शेवटपर्यंत कळलं नाही, ते तुमच्यामुळे. असं म्हणाला आणि त्याचा चेहरा पार मोडला. झोप लागत नाही म्हणाला. फसवलं मी तिला, ती सीताफळाचं विचारायची आणि मी शेजारी बसून ऐकायचो. त्या झाडावर मी चढायला शिकलो...

वचन दिलेलं होतं. मी चहा टाकते म्हणाले आणि आत गेले. तो तोंड धुवायला अंगणातल्या नळावर गेला. चहा उकळून वर येईपर्यंत नळ चालूच होता. मी बाहेर येऊन बघितलं तर नळ तसाच सोडून तो भिंतीपाशी उभा होता. भिंतीच्या अलीकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुरडू कमरेएवढं वाढलं होतं, सगळे तुरे गुलाबी झालेले, आणि त्याच्यासमोर शेवंतीचे डबे. तो खाली बसला. एका डब्याच्या कडीची वीटकरी चिंधी त्यानं बोटांत धरली, गाठ चाचपली.

"डबे तुम्ही उचलून आणलेत, ते समजलं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "पण मावशी, कुरडू कुणी पेरत नाही. तुमच्याकडं तर त्याची भाजी करतात."

मी चहाचा कप घेऊन उभी होते.

"हे ओळीत आलंय. आई असंच टाकायची, भिंतीला धरून." मग तो वळला. "तिनं सांगितलं तुम्हाला?"

मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. टेलिफोन खात्यात शिकलेली गोष्ट म्हणजे गप्प बसणंसुद्धा ऐकू येतं. त्याला ऐकू आलं. त्यानं विचारलं, कधीपासून? मी म्हणाले, पहिल्यापासून. तो तिथंच, ओल्या फरशीवर, डब्यांशेजारी बसून राहिला. रडला नाही. फक्त एकदा म्हणाला, मग ती दर रविवारी... आणि पुढचं वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. मला त्याच्याजवळ बसायचं होतं, तिनं काय म्हटलं होतं ते शब्दाला शब्द सांगायचं होतं, पण त्यानं हात वर करून मला थांबवलं. चहा तसाच राहिला. ट्रंक गाडीत टाकून तो निघून गेला.

त्यानंतर श्रीनूचा फोन नाही. मी केला तर उचलला नाही. एक ओझं त्याच्या डोक्यावरून उतरलं असेल तर त्याहून जड दुसरं मीच चढवलं, असं मला रात्रंदिवस वाटत राहिलं. वचन मी तोंडानं मोडलं नाही असं स्वतःला सांगून पाहिलं. पण ज्या अंगणात मी त्याला तोंड धुवायला जाऊ दिलं त्या अंगणात काय आहे हे मला माहीत नव्हतं का? राजमणी असती तर तिला विचारलं असतं. तीच नाही, हीच तर सगळी अडचण आहे. नवरात्रात तबक चिंच लावून घासलं, देवघराशेजारच्या फळीवर उभं करून ठेवलं. त्यात काही मांडलं नाही. ज्यांचं त्यांनी मांडायचं असतं. भिंतीशी कुरडू तसंच उभं राहिलं, कुणी खुडलं नाही, आता तुरे पांढरे पडून बी गळायला लागलंय. मुंग्या ते उचलून नेतात, काळ्या मुंग्या, न्हाणीकडून वळून. पहाटे पायरी ओली असते. आमच्या खिडकीतलं ऊन कुठवर येतं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. यंदा पाहिलं, ते ओट्यावरच्या मिठाच्या बरणीपर्यंत येतं.

रविवारी मात्र चहा झाला की मी अजून बाहेर खुर्ची टाकून बसते. सवयीला कारण लागत नाही. परवाच्या रविवारी अशीच बसले होते, हे आत बातम्या बघत होते, आणि फोन वाजला. श्रीनू. मी हॅलो म्हणाले. पलीकडे तो नुसता होता, त्याच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता. मग तो घसा साफ करून म्हणाला,

"मावशी, सीताफळाचे डोळे उघडले का?"

मी खुर्चीतून उठले. दर रविवारी उठत होते तशी उठून भिंतीपाशी गेले, माझ्या कोपरांच्या जागी कोपर टेकले आणि पलीकडे पाहिलं. पलीकडे नवी फरशी होती, करडी, दिवसभराच्या उन्हानं अजून तापलेली, आणि तिच्यावर एक गाडी उभी होती.

"उघडायलेत," मी म्हणाले. "दोन-चार दिवसांत उतरवावी लागतील."

तो म्हणाला, "बरं."